टाइल हातात धरून बोल

सिनेमा संपला की लोक उठतात. धर्माशेठ घरत उठायचे नाहीत आणि दुसऱ्यालाही उठू द्यायचे नाहीत. रांगेतली कडेची खुर्ची ते मुद्दाम घ्यायचे. पडद्यावर नावं सुरू झाली की पुढच्या खुर्चीच्या पाठीला गुडघा टेकवून वाट अडवायचे आणि अख्ख्या रांगेला बजावायचे, "बसा, बसा. अजून माणसं यायची हायेत."

माझी त्यांची पहिली गाठ अशीच पडली. मी तळोज्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. त्या दिवशी दुपारची पाळी होती आणि सकाळचा पहिला खेळ बघून मला कंपनीची बस गाठायची होती. मी म्हटलं, "काका, पाय काढा." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. झुबकेदार मिश्या, पांढरा सफारी, मनगटात जाडजूड कडं. "बाय," ते म्हणाले, "ती माणसं वर्सानुवर्सं राबलीत. तुज्यानं घडीभर बसवत नाय?" ओशाळून मी बसले. मग कळलं, ते कोणाची वाट बघत होते. कॉम्प्युटरवर आकाश रंगवणाऱ्या, स्फोट काढणाऱ्या शेकडो लोकांची नावं शेवटी सरकायला लागतात, त्यांत आपल्याकडची पुष्कळ असतात. धर्माशेठ बोटाने एकेक टिपत होते. "कुलकर्णी! शेख! ह्यो बग पाटील आयला, पाटील!" मध्येच त्यांच्या आगरी लोकांतला एक मोकल सरकला, तर गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पडद्याच्या गळ्यात हार घालायचंच तेवढं बाकी राहिलं.

बस चुकली ती चुकलीच. त्यांनी मला आपल्या टेम्पोतून कंपनीच्या फाटकापर्यंत सोडलं. मागे टाइल्सची खोकी खडखडत होती आणि पुढे त्यांचं तोंड. फाटक येईपर्यंत मी त्यांच्या सिनेमाच्या गावकीत सामील झालेली होते. मला विचारण्याची त्यांना गरज वाटली नव्हती.

ज्या सिनेमांसाठी हा सगळा खटाटोप चालायचा, त्यांचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. धर्माशेठ त्या मालिकेला 'गलबत' म्हणायचे, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. पृथ्वीवरची जमीन संपते, उरलेली माणसं एका अवाढव्य यानात बसून निघतात आणि पिढ्यान् पिढ्या त्यातच जगतात, मरतात, भांडतात, अशी ती गोष्ट. पहिला भाग त्यांनी तरुणपणी पनवेलच्या जुन्या थिएटरात हिंदीत पाहिला होता. तोही चुकून, कारण हव्या त्या सिनेमाची तिकिटं संपली होती. "जमीन गेली नि लोकं गलबतात बसली," ते सांगायचे. "मना वाटला, आमच्या गावाचीच ष्टोरी हाय. आमाला फकस्त गलबत भेटला नाय, बिल्डिंगी भेटल्या." त्यांच्या घरची भातशेती आणि मिठागर दोन्ही नव्या शहराच्या पोटात गेली होती. आलेल्या पैशांतून त्यांनी कामोठ्याला टाइल्सचं दुकान टाकलं, आणि मागे गोदाम.

दुकानातही गलबत सुटायचं नाही. नवं घर घेतलेलं जोडपं बाथरूमसाठी फिकट गुलाबी टाइल बघायला यायचं आणि करडी घेऊन जायचं. गलबताच्या दुसऱ्या मजल्यावर हीच टाइल आहे, अशी शेठनी त्यांची खात्री पटवलेली असायची. ती तशी नव्हती. मी एकदा फोटो काढून दाखवला. "फोटोत रंग उतरतो," असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला. त्यांचं निम्मं ज्ञान हिंदी डबिंगवर उभं होतं आणि उरलेलं आत्मविश्वासावर. परग्रहावरून हल्ला करायला येणाऱ्यांना ते 'पावणे' म्हणायचे. चौथ्या भागात कप्तान मरतो असं ते छातीठोकपणे सांगायचे. तो मरत नाही, पाचव्या भागात चांगला धडधाकट हिंडतो. हे दाखवून दिलं तर म्हणायचे, "त्यो दुसरा कप्तान. सारका दिसतो." अशा माणसापुढे तुम्ही काय बोलणार?

पण त्यांची गावकी मात्र खरी होती. आगरी गावांत गावाचे निर्णय करायला सगळी घरं एकत्र बसतात, ती गावकी. धर्माशेठनी ती जशीच्या तशी उचलून सिनेमाला लावली होती. नवा भाग लागला की पहिला खेळ बघायचा आणि तिथून थेट गोदामात जायचं. त्यांची बायको, आमच्या नर्मदावहिनी, तांदळाच्या भाकऱ्या, सुकट, कोलंबीचं कालवण असा सगळा थाट मांडून बसलेल्या असायच्या. त्यांनी स्वतः गलबताचा एकही भाग पाहिला नव्हता. "उडनारी भांडी बगाला मी कशाला येव?" असं त्यांचं म्हणणं. जेवणाआधी सिनेमाबद्दल अवाक्षर काढायला बंदी. शेठचा दंडकच होता, "पयलं जेवाचा, मंग भांडाचा." उपाशी माणसाचं मत कडू येतं, असा त्यांचा अनुभव होता.

जेवून झालं की खोक्यांवर गोल करून बसायचं. बोलणाऱ्याने मध्ये उभं राहायचं आणि हातात टाइल धरायची. जमिनीला लावायची मोठी, जड टाइल. ती हातात आहे तोवर कोणी मध्ये बोलायचं नाही. टाइल खाली ठेवली की मत संपलं. या एका युक्तीने आमच्यातले भले भले वक्ते दोन-तीन वाक्यांत मुद्द्यावर आले. नवीन पनवेलच्या सेक्टरातला समीर हा आयटीतला मुलगा इंटरनेटवर एकेका सिनेमावर पानंच्या पानं लिहायचा. टाइल हातात आली की त्याचे हात थरथरायला लागायचे आणि तो घाईघाईने म्हणायचा, "चांगला आहे, पण संगीत जास्त आहे." शेठ खूश. "मत जड पायजे," ते म्हणायचे. "हलका मत कोनपन देतो."

गेल्या वर्षी गलबताचा फुटवा आला. मालिकेतलं एखादं दुय्यम पात्र उचलून त्याच्यावर वेगळा सिनेमा काढतात, त्याला स्पिन-ऑफ म्हणतात. शेठना तो शब्द पसंत नव्हता. भाताच्या रोपाला बाजूने जो कोंब येतो तो फुटवा, तसा हा सिनेमा, म्हणून त्याचं नाव फुटवा. हा फुटवा दारवानाचा होता. दुसऱ्या भागात याच दारवानाने कप्तानाचा हुकूम मोडून गलबताचं मागचं दार उघडलं होतं. पावणे आत घुसले आणि अर्धं गलबत जळालं. तेव्हापासून आम्हा सगळ्यांना त्याचा तिटकारा. कोणी ऐन वेळी शब्द फिरवला की "दारवान कुठला!" ही आमच्यातली ठरलेली शिवी.

नव्या सिनेमात निघालं भलतंच. कप्तानाने आधीच काही माणसांना एका होडीत घालून गलबताबाहेर काढलं होतं. दारवानाने दार उघडलं ते त्यांच्यासाठी, पावणे त्यांच्या मागोमाग घुसले. पुढे सगळे मिळून ठरवतात की दारवानाशी कोणी बोलायचं नाही. सिनेमाचा उरलेला अर्धा भाग म्हणजे न बोलणं. एक लांबच लांब प्रसंग तर असा होता की गलबतावर सण आहे, दारवान आणि त्याची बायको जेवण करतात, दारासमोरच्या बोळात ताटं मांडतात, आणि कोणी येत नाही. कॅमेरा ताटांवरून हलत नाही. थिएटरात जांभया सुरू झाल्या, मोबाइल पेटले. खोटं कशाला बोलू, मीही घड्याळ बघितलं.

गोदामात त्या दिवशी टाइल भराभर फिरली. समीर म्हणाला, "दुसऱ्या भागाची वाट लावली. खलनायकाला संत करून टाकलं. आणि ती ताटं! ताटं बघायला तिकीट काढलं होतं का?" फरहान पनवेलच्या बाजारातला चष्मेवाला, मोजकं आणि नेमकं बोलणारा. तो म्हणाला, "खुदा की कसम, ताटं बघून मला भूक लागली, दुसरं काही झालं नाही. लढाई कुठंय?" मी म्हटलं, "कथा ठीक आहे, पण अर्ध्या तासात सांगून झाली असती." बाकीच्यांनीही हाच सूर लावला. शेवटी समीरने ठराव मांडला की आपल्या गावकीच्या लेखी हा सिनेमा झालाच नाही. सगळ्यांनी हात वर केले.

धर्माशेठ सर्वांत शेवटी उठले. टाइल छातीशी धरून मध्ये उभे राहिले. "गलबताच्या सगळ्या भागांत ह्यो एक नंबर हाय," ते म्हणाले. "ज्यानं लिवलाय त्याला म्हाईत हाय." आणि टाइल खाली ठेवली. काय माहीत आहे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आम्हाला हसू फुटलं होतं. समीर म्हणाला, "शेठ, गावकीच्या विरोधात गेलात! आता तुम्हाला वाळीत टाकावं लागेल." हशा झाला. शेठ हसले की नाही, ते कोणी पाहिलं नाही.

घरी पोचेपर्यंत समीरने व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नोटीस टाकली होती. धर्माशेठ आपलं मत मागे घेईपर्यंत त्यांच्याशी कोणी बोलू नये, त्यांच्या मेसेजला उत्तर देऊ नये, देणाऱ्याला सर्वांना वडापाव खाऊ घालण्याचा दंड. खाली हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. शेठनी सकाळी नेहमीसारखा नमस्कार टाकला, उत्तर नाही. कोणत्या थिएटरात गर्दी कशी आहे ते विचारलं, उत्तर नाही. निळ्या खुणा उमटत होत्या, म्हणजे सगळे वाचत होते आणि अळीमिळी गुपचिळी. दोन दिवसांनी त्यांनी लिहिलं, "कोन हाय का?"

मला कोणी 'बोलू नको' म्हटलं की बोलावंसं वाटतं, हा माझा जन्माचा स्वभाव. मी लिहिलं, "मी आहे." ताबडतोब मला वडापावचा दंड पडला, पुन्हा हसरे चेहरे. शेठनी मला वेगळा मेसेज केला, "बाय, नको बोलू. तुलापन तरास देतील." मला वाटलं, तेही गंमतच करतायत.

रविवारी ग्रुपवर त्यांचा आवाज आला. खणखणीत, दुकानात गिऱ्हाइकाला हाक मारतात तसा. "आज गावकी हाय. सगळ्यांनी याचा. मी वाळीत असंन, पन गोदाम माजा हाय."

आम्ही हसतच गेलो. जेवण मांडलेलं नव्हतं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि आमच्याकडे बघत नव्हत्या. जेवणाशिवाय त्या गोदामात कधी तोंड उघडलं गेलं नव्हतं. शेठ टाइल घेऊन मध्ये उभेच होते.

"मी शालंत जात व्हतो तवाची गोस्ट," ते म्हणाले. "खाडीतल्या मासेमारीचा लिलाव दरवर्सी गाव करायचा. त्या वर्सी गावकीनं ठरवला, लिलाव नाय, एकाच मानसाला द्याचा. माजा बाप उबा ऱ्हायला नि एवढाच बोलला, 'मना पटत नाय.' बास. आमाला वाळीत टाकला. दुकानदार मीठ देय ना, न्हावी केस कापी ना. मी बांधावर बसून एकटाच दोनी बाजूंनी लगोरी खेलायचो. एकदा हा धर्मा जिंकायचा, एकदा त्यो धर्मा."

कोणीतरी हसायला गेलं आणि थांबलं.

"माज्या थोरल्या बहिनीची हळद व्हती. आमच्यात हळदीला धवले गानारी बाई लागते, धवलारीन. ती नाय तर हळद नाय. गावातली एक आयली नाय. मांडव घातलेला, भाताची टोपा भरलेली, पत्रावळी मांडलेल्या. माजी आय एकटीच गाया बसली. तिला धवले निम्मेच येत व्हते. तेच तेच परत गायली, सांज होयपरेंत. नि आमी पोरं पत्रावळींवरच्या माश्या हाकत व्हतो. आमाला वाटायचा, आता येतील. जेवान केलाय तर मानसा येतीलच ना."

टाइल त्यांनी दुसऱ्या हातावर तोलली, पण खाली ठेवली नाही.

"गावकी वाईट नाय. भांडाला आमाला तिनंच शिकवला. पन तिच्यात ही एक खोड हाय. ती मी माज्या गोदामात येव दिली नव्हती. तुमी हसत हसत आनलीत."

फरहान खालच्या आवाजात म्हणाला, "मग शेठ, गाव कधी बोलायला लागलं?"

"बापानं शब्द फिरवला नाय. पुढं जमिनी गेल्या, खाडी गेली. भांडाला कायच उरला नाय, तवा बोलाला लागली." एवढं बोलून त्यांनी टाइल समीरच्या समोर धरली.

समीरचा चेहरा उतरला होता. तो उठला आणि म्हणाला, "शेठ, माफ करा. मला माहीत नव्हतं. सिनेमा चांगलाच आहे. तो ताटांचा सीन..."

"गप!" शेठ ओरडले. इतक्या वर्षांत त्यांना ओरडताना आम्ही ऐकलं नव्हतं. "माफी माग, ती घेतो. पन मत बदलू नको. माज्यासाठी मत बदललास तर माजा बाप फुकट वाळीत गेला. टाइल हातात धर आनि तुजा तूच बोल."

समीरने टाइल घेतली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो थांबत थांबत म्हणाला, "मला सिनेमा आवडला नाही. आजही नाही. ताटांचा सीन लांबलाय."

"हां!" शेठनी मांडीवर थाप मारली. "असा बोल! नर्मदे, वाढ आता."

वहिनींनी सगळं करून ठेवलं होतं, फक्त झाकून ठेवलं होतं. त्या दिवशी आम्ही जेवलो तसं पुन्हा कधी जेवलो नाही. जेवताना समीर आणि शेठ ताटांच्या त्या प्रसंगावरून एकमेकांवर तुटून पडले होते आणि शेठच्या तोंडावरचा आनंद बघण्यासारखा होता. मी नंतर तो सिनेमा एकटीने पुन्हा पाहिला. माझं मत बदललं, पण ते माझं मी बदललं, हे नोंदवून ठेवते.

या उन्हाळ्यात धर्माशेठ गेले. दुकानात, बसल्या जागी, कोणा गिऱ्हाइकाला करडी टाइल पटवून देत असताना. गलबताचा शेवटचा भाग यायला थोडेच महिने उरले होते. मला दुःखाच्या आधी त्यांचा राग आला. लोकांना नावं संपेपर्यंत बसवून ठेवणाऱ्या माणसाने असं मध्येच उठावं? अंत्ययात्रेला गाव लोटला होता. ज्या घरांनी एकेकाळी मीठ दिलं नव्हतं त्या घरांतले नातू खांदा द्यायला पुढे होते, आणि त्यांच्यातच समीर होता आणि फरहान. वहिनी दारात उभ्या राहून ती गर्दी बघत होत्या. मी शेजारी होते. "बग," एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटच्या भागाला वहिनी आल्या. कोणी बोलावलं नव्हतं, त्यांनीच फोन करून वेळ विचारली. शेठची कडेची खुर्ची आम्ही त्यांना दिली आणि त्या पदर सावरून ताठ बसल्या. सिनेमा आम्हाला फार आवडला. गलबताला शेवटी जमीन सापडते, कप्तान सगळ्यांची क्षमा मागतो, भांडलेले सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. रांगेत हुंदके चालले होते. नावं सुरू झाल्यावर दुसऱ्या टोकाकडची दोन माणसं उठली, तर त्या टोकाला बसलेल्या समीरने पुढच्या खुर्चीला गुडघा टेकवला. "बसा," तो म्हणाला. "अजून माणसं यायची आहेत." नावांत एक घरत आला. कोणी ओरडलं नाही. मग वहिनींनीच दोन-चार टाळ्या वाजवल्या.

गोदामात त्या दिवशी जेवण आम्ही नेलं होतं, प्रत्येकाने आपापल्या घरून. समीरच्या भाकऱ्यांना आकार नव्हता. पण ठरलं असं की या वेळी आधी बोलायचं, कारण शेठशिवाय आधी जेवायला कोणी तयार नव्हतं. टाइल फिरली. सगळ्यांचं एकच मत, याहून चांगला शेवट होऊ शकत नाही. मी तेच म्हटलं. टाइल कोपऱ्यात ठेवायला फरहान वळला, तेवढ्यात वहिनी उठल्या.

"हिकडं आन."

त्यांनी टाइल धरली. जन्मभर पाण्याचे हंडे उचललेले ते हात. टाइल जराही हलली नाही. आमच्यातल्या एकेकाकडे नीट बघून त्या म्हणाल्या, "शेवटला सगळी एक झाली. जी बोलत नव्हती, ती गळ्यात पडली. आनि त्या दारवानाच्या ताटांचा काय झाला, ते कोनी इचारला पन नाय. त्याची गोस्ट मना ह्यांनी सांगितली व्हती. मना पटला नाय."

त्यांनी टाइल खाली ठेवली. कोणी हसलं नाही, कोणी समजूत घातली नाही, आणि कोणी आपलं मतही बदललं नाही. फरहानने पत्रावळी मांडल्या आणि समीरने पहिली वहिनींना वाढली.